लॅपटॉप बंद का होत नाही?

संगणक सुरू होत नसेल तर तो बिघडला आहे हे कोणालाही पटते. पण सकाळी नीट सुरू झालेला आणि दिवसभर बिनतक्रार चाललेला लॅपटॉप संध्याकाळी बंदच होत नसेल, तर त्याला काय म्हणायचे? 'शट डाऊन'वर टिचकी मारली की पडद्यावर 'बंद होत आहे' अशी अक्षरे उमटतात, ठिपक्यांचे वर्तुळ फिरू लागते आणि फिरता फिरता थांबते. पंधरा मिनिटे जातात, अर्धा तास जातो, पडदा तसाच. शाळेला कुलूप लावायचे असते, शेवटची एस.टी. गाठायची असते. मग कोणीतरी बटण दाबून धरतो आणि लॅपटॉपला जबरदस्तीने झोपवतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

ही तक्रार बहुधा कार्यप्रणालीचे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचे, नवे अपडेट आल्यानंतर सुरू होते. सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यालगतच्या पुष्कळ शाळांत असे एक-दोनच लॅपटॉप असतात. गुणांची कोष्टके, 'सरल' आणि 'यू-डायस'साठी जमवलेली माहिती, दाखल्यांचे नमुने, सारे त्यांवरच. दुरुस्तीला न्यायचे तर कुडाळ किंवा कणकवली गाठावी लागते, आणि तेथे दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, "फॉरमॅट मारून टाका." दुसरा, "अपडेट कायमचे बंद करा." पहिल्या सल्ल्याने साठवलेली माहिती जाण्याचा धोका असतो आणि बिघाडाचे कारणही पुसले जाते. दुसऱ्याने त्याहून मोठे नुकसान होऊ शकते, ते पुढे पाहू. या दोन्हींशिवाय तिसरा मार्ग आहे. तो शिक्षकांच्या परिचयाचाच आहे: निरीक्षण करणे, तर्क करणे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहणे.

बंद होणे म्हणजे आवराआवर

दिवा बंद करणे आणि संगणक बंद करणे यांत मूलभूत फरक आहे. दिव्याला काहीच आवरायचे नसते. संगणकात मात्र त्या क्षणी शेकडो कामे अर्धवट असतात. आपण 'सेव्ह' केलेली फाइलसुद्धा काही वेळा तात्पुरत्या स्मृतीत वाट पाहत असते, डिस्कवर नंतर उतरते.

विंडोज ९५च्या काळात बहुतेक संगणक स्वतःहून बंद होत नसत. आवराआवर संपली की पडद्यावर नारिंगी अक्षरांत संदेश येई, की आता संगणक बंद करण्यास हरकत नाही. मग आपण खटका दाबत असू. पुढे विद्युतपुरवठ्याची एटीएक्स ही रचना १९९५मध्ये आणि एसीपीआय हे मानक १९९६मध्ये आले, आणि वीज तोडण्याचा अधिकार कार्यप्रणालीच्या हाती गेला. सोय झाली, पण आता तिने शेवटचा हुकूम दिलाच नाही, तर यंत्र जागेच राहते.

हा हुकूम कधी दिला जातो? मालवणच्या किनाऱ्यावर मे महिन्याच्या अखेरीस बोटी कशा आवरतात ते आठवा. १ जूनपासून यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. आधी मासळी उतरते, मग जाळी निघतात, भरती साधून बोट वर ओढतात आणि शेवटी ती झापांनी शाकारतात. हा क्रम उलटवता येत नाही. इंजिन आधीच उतरवले तर बोट किनाऱ्याला आणणार कोण? आणि एखादा खलाशी अजून जाळ्यात गुंतलेला असेल, तर तांडेल पुढचा हुकूम देत नाही.

लॅपटॉपमधला तांडेल म्हणजे कार्यप्रणाली. ती चार पायऱ्यांनी आवरते.

पहिली पायरी, आपण उघडलेल्या आज्ञावलींची. प्रत्येकीला निरोप जातो, "आपण थांबत आहोत, तुमचे आवरा." एखादीने उत्तर दिले नाही, तर पडद्यावर तिचे नाव दाखवून आपल्यालाच विचारले जाते.

दुसरी पायरी, पडद्यामागे चालणाऱ्या सेवांची: छपाईची रांग, विषाणुरोधक, अपडेट आणणारी सेवा. अलीकडच्या विंडोजमध्ये यांना साधारणपणे पाच सेकंद दिले जातात, काहींना जास्त; मग त्यांना जबरदस्तीने थांबवले जाते.

तिसरी पायरी, ड्रायव्हरांची. ड्रायव्हर म्हणजे कार्यप्रणाली आणि एखादे उपकरण यांमधला दुभाषा. प्रत्येक दुभाष्याने आपल्या उपकरणाला झोपवून "झाले" असे कळवायचे असते.

चौथी पायरी, मदरबोर्डवर कायम वसलेल्या फर्मवेअरला वीज तोडण्यास सांगण्याची.

आता महत्त्वाचा मुद्दा. पहिल्या दोन पायऱ्यांवर कोणी अडून बसला तर त्याला उठवता येते. ड्रायव्हर मात्र कार्यप्रणालीच्या गाभ्यात काम करतो. त्याला तसे उठवता येत नाही, त्याच्या उत्तराची वाट पाहावी लागते. म्हणून पडदा गोठतो तो बहुधा तिसऱ्या पायरीवर. काही मिनिटे वाट पाहून विंडोज कधी कधी निळा पडदा दाखवते आणि त्यावर 'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर' असे शब्द येतात. तो दिसला तर घाबरू नये. छायाचित्र काढून ठेवावे. कोणत्या पायरीवर घोडे अडले, याची ती साक्ष असते.

तेव्हा 'लॅपटॉप बंद होत नाही' याचा शास्त्रीय अर्थ असा: कार्यप्रणाली कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहत आहे. आपल्याला शोधायचे ते एवढेच, की कोणाच्या?

अपडेटने काय बिघडते?

मायक्रोसॉफ्ट २००३पासून आपली सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसिद्ध करते. भारतात तोवर रात्र झालेली असते, म्हणून शाळांतले लॅपटॉप ती बुधवारी किंवा त्यानंतर उतरवून घेतात. 'अचानक बिघडला' असे वाटते तेव्हा आधी तारीख पाहावी. पुष्कळदा ती याच सुमारास असते.

अपडेटने तांडेल बदलतो, खलाशी जुनेच राहतात. नव्या तांडेलाचे हुकूम थोडे वेगळे असतात, आणि जुना ड्रायव्हर ते न समजल्याने गप्प बसतो. विंडोज १०चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, तेव्हा अनेकांनी आपले लॅपटॉप विंडोज ११वर नेले. काही उपकरणे मात्र इतकी जुनी होती, की उत्पादकांनी त्यांचे नवे ड्रायव्हर काढलेच नव्हते.

गाभ्यात काम करणारी एखादी छोटी फाइल किती अनर्थ करू शकते, हे १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा आज्ञावलीचे एक सदोष अपडेट आले आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक कोसळले. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तो बिघाड बंद होतानाचा नव्हता, पण जागा तीच: कार्यप्रणालीचा गाभा.

दुसरे कारण 'फास्ट स्टार्टअप'. विंडोज ८पासून, म्हणजे २०१२पासून, ही सोय आली. तिच्यात 'शट डाऊन' केल्यावर आपल्या आज्ञावली बंद होतात, पण गाभ्याची त्या क्षणीची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. त्यामुळे लॅपटॉप लवकर सुरू होतो. पण गाभ्यातला एखादा गोंधळही जसाच्या तसा परत येतो. 'रीस्टार्ट'मध्ये मात्र गाभा पूर्ण उतरवून नव्याने उभा केला जातो. ऐकायला विचित्र वाटेल, पण नेहमीच्या विंडोजमध्ये 'रीस्टार्ट' हेच 'शट डाऊन'पेक्षा खरे बंद होणे आहे! 'शिफ्ट' कळ दाबून धरून 'शट डाऊन'वर टिचकी मारली, तर तेवढ्यापुरते पूर्ण बंद होणे मिळते.

मंद की ठप्प?

तपास करण्याआधी बिघाड आहे याची खात्री करून घ्यावी. वापरात असलेल्या फाइली चालू संगणकात बदलता येत नाहीत. म्हणून अपडेटचे काही काम बंद होताना आणि काही पुढच्या वेळी सुरू होताना उरकले जाते. जुन्या, फिरत्या तबकडीच्या डिस्कवर याला अर्धा-पाऊण तासही लागू शकतो. ही मंदगती आहे, ठप्प होणे नव्हे.

दोहोंतला फरक ओळखण्याच्या दोन ढोबळ खुणा आहेत. डिस्कचा छोटा दिवा असेल तर तो लुकलुकतो का ते पाहावे. दुसरी, 'कॅप्स लॉक' कळ दाबावी. तिचा दिवा लागत-विझत असेल तर गाभा अजून जागा आहे, थांबावे. दिवा अजिबात दाद देत नसेल आणि तासभर काहीही हालचाल नसेल, तर ठप्प समजावे.

बटण काही सेकंद दाबून धरले की वीज थेट तुटते. तेथे कार्यप्रणालीचे काही चालत नाही. विंडोजची फाइलव्यवस्था अशा आघातातून आपली मांडणी सावरते, पण नुकत्याच लिहिल्या जाणाऱ्या फाइलीतला मजकूर वाचेलच असे नाही. वर्षभराच्या गुणांचे कोष्टक दुसऱ्या दिवशी कोरे उघडू शकते. म्हणून पहिले काम, सर्व महत्त्वाच्या फाइलींची प्रत पेन ड्राइव्हवर काढणे. त्यानंतरच तपास.

एका लॅपटॉपची तपासणी

मालवण तालुक्यातील एका माध्यमिक शाळेतला असा लॅपटॉप मला गेल्या पावसाळ्यात तपासायला मिळाला. अपडेटनंतर तो रोज गोठत होता आणि त्यावर फॉरमॅटची शिक्षा फर्मावली गेली होती. तपासाचे टप्पे क्रमाने देतो.

प्रथम 'रीस्टार्ट' करून पाहिले. तेव्हाही तो गोठला. म्हणजे दोष केवळ फास्ट स्टार्टअपचा नव्हता. एक संशयित सुटला. पुढच्या तपासासाठी फास्ट स्टार्टअप बंद ठेवले.

मग छपाईयंत्र, माउस आणि यूएसबीत खोचलेला वायफाय अडॅप्टर, तिन्ही काढून टाकले. लॅपटॉप बारा सेकंदांत बंद झाला. तीन वेळा केले, तिन्ही वेळा झाला.

नंतर एकेक उपकरण परत जोडले. माउस जोडून ठीक, छपाईयंत्र जोडून ठीक. अडॅप्टर जोडला आणि पडदा गोठला. तीनदा केले, तीनदा गोठला.

येथे थांबून 'अडॅप्टर खराब आहे' असे म्हणण्याचा मोह होतो. किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत यूएसबीचे संपर्क गंजतात, त्यामुळे ही शंका रास्तही होती. पण तोच अडॅप्टर अपडेट न झालेल्या दुसऱ्या लॅपटॉपला लावला तर तो मुकाट्याने बंद झाला. म्हणजे दोष एकट्या अडॅप्टरचा नव्हता. अपडेट झालेला लॅपटॉप अडॅप्टरवाचून ठीक चालत होता, म्हणजे एकट्या अपडेटचाही नव्हता. दोष होता दोघांच्या गाठीत: नवी कार्यप्रणाली आणि जुना ड्रायव्हर.

जुना ड्रायव्हर काढून उत्पादकाने दिलेला नवा बसवला आणि लॅपटॉप दहा वेळा बंद करून पाहिला. दहाही वेळा तो बंद झाला. दहा वेळा कशासाठी? समजा एखादा बिघाड निम्म्या वेळाच होतो. तो दूर झालेला नसतानाही केवळ योगायोगाने सलग तीन वेळा यश मिळण्याची शक्यता १/८ आहे, म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगी नाही. सलग दहा वेळांसाठी ती १/१०२४ होते. 'आता चालतोय' आणि 'दुरुस्त झाला' या दोन वाक्यांत एवढे अंतर आहे.

सोळातून एक, चार प्रश्नांत

सगळी उपकरणे काढूनही लॅपटॉप गोठत असेल, तर संशय आतल्या सेवांवर जातो. 'सिस्टिम कॉन्फिगरेशन' या खिडकीत सेवांची यादी मिळते. तीत मायक्रोसॉफ्टच्या सेवा लपवण्याची सोय आहे, ती आधी वापरावी. समजा बाहेरच्या सोळा सेवा उरल्या. एकेक बंद करून पाहायची तर सोळा खेपा लागू शकतात. त्याऐवजी निम्म्या, म्हणजे आठ बंद करा. गोठणे थांबले तर दोषी त्या आठांत, नाही तर उरलेल्या आठांत. मग चार, मग दोन, मग एक. चार खेपांत काम होते, कारण २ × २ × २ × २ = १६. सेवा बत्तीस असत्या तर फक्त एक खेप वाढली असती.

दोन सेवा मिळून घोटाळा करत असतील, तर यांतली कोणतीही एक बंद केली तरी गोठणे थांबते आणि दोन्ही निम्मे भाग दोषी भासू शकतात. असे विसंगत उत्तर आले की पद्धत चुकली असे न समजता, दोषी दोन आहेत का, असा नवा प्रश्न विचारावा.

यंत्राची रोजनिशी

विंडोजमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाची नोंदवही आपोआप लिहिली जाते. तिच्या 'सिस्टिम' या भागात काही क्रमांक पाहावेत. १०७४ म्हणजे बंद करण्याची आज्ञा मिळाली. ६००६ म्हणजे नोंदवही लिहिणारी सेवा रीतसर थांबली. ४१ किंवा ६००८ म्हणजे मागच्या वेळी वीज अवेळी तुटली. वरील लॅपटॉपमध्ये १०७४ होता, ६००६ही होता आणि दुसऱ्या सकाळी ४१. अर्थ उघड आहे: आज्ञा मिळाली, सेवा थांबल्या, पण त्यानंतर कोणीतरी अडवले. म्हणजे ड्रायव्हर किंवा फर्मवेअर. १०७४ असून ६००६ नसता, तर संशय सेवांवर गेला असता. ही खूण फास्ट स्टार्टअप बंद करून पाहिल्यासच भरवशाची.

लिनक्स वापरणाऱ्या शाळांना हे काम सोपे जाते. तेथे बंद होताना कोणत्या सेवेची वाट पाहणे चालू आहे तिचे नाव पडद्यावर येते आणि बहुधा ९० सेकंदांची मुदत मोजली जाते.

उपायांचा क्रम

सौम्य उपाय आधी, कठोर नंतर, असा क्रम ठेवावा.

१. बाहेरची उपकरणे काढून बंद करून पाहावे.
२. 'कंट्रोल पॅनेल'मधील 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढावी.
३. संशयित ड्रायव्हर लॅपटॉपच्या किंवा उपकरणाच्या उत्पादकाकडूनच नवा घ्यावा. अपडेटबरोबर ड्रायव्हरच बदलला असेल, तर 'डिव्हाइस मॅनेजर'मधील 'रोल बॅक ड्रायव्हर'ने मागचा परत आणावा.
४. उत्पादकाने नवे फर्मवेअर दिले असेल तर ते बसवावे. पण भरलेल्या बॅटरीवर, विजेची जोडणी ठेवून आणि वादळवाऱ्याचा दिवस टाळून.
५. तरीही गोठत असेल तर शेवटचे अपडेट काढावे, काही आठवडे थांबावे आणि सुधारित अपडेट आले की ते घ्यावे.
६. फॉरमॅट सर्वांत शेवटी.

विजेचा मुद्दा कोकणात विशेष महत्त्वाचा. पावसाळ्यात झाड पडून तारा तुटणे येथे नित्याचे; मे २०२१च्या तौक्ते वादळानंतर तर कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. पुष्कळ शाळांतल्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी संपलेली असते आणि तो केवळ अडॅप्टरवर चालतो. अपडेट चालू असताना वीज गेली तर फाइली निम्म्या जुन्या, निम्म्या नव्या राहू शकतात. बॅटरी बदलणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

मग अपडेट नकोतच का?

याचे उत्तर आपल्याच राज्यातल्या एका घटनेत आहे. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' हा घातक कार्यक्रम जगभर पसरला आणि न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील, मर्स्क समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. संगणकच बंद पडल्याने मालपेट्यांची हाताळणी खोळंबली. त्याच्या पसरण्याच्या मार्गांपैकी एक होता विंडोजमधील एक उणीव, आणि ती बुजवणारे अपडेट त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, तीन महिने आधीच, आले होते!

गंमत अशी, की हा कार्यक्रम पहिल्यांदा शिरला तोही एका अपडेटमधूनच: युक्रेनमधील हिशेबाच्या आज्ञावलीच्या अपडेटमध्ये तो कोणीतरी मिसळला होता. तेव्हा अपडेट हे आंधळेपणाने घेण्याची वस्तू नाही आणि आंधळेपणाने नाकारण्याचीही नाही. प्रत काढून ठेवावी, अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावे, परीक्षेच्या किंवा निकालाच्या आठवड्यात पुढे ढकलावे, पण घ्यावे.

वर्गात करून पाहा

लॅपटॉप नसतानाही ही पद्धत शिकवता येते. सोळा काड्यापेट्या घ्या, एकीत मुलांच्या नकळत खडा ठेवा आणि टेबलावर मांडा. मुलांनी बोटाने कोणताही गट दाखवून विचारायचे, "खडा यांत आहे का?" उत्तर फक्त हो किंवा नाही. कमीत कमी किती प्रश्नांत खडा सापडतो, हे त्यांना स्वतः शोधू द्या. मग दोन पेट्यांत खडे ठेवा आणि काय होते ते पाहा.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना शाळेच्या लॅपटॉपची एक वही ठेवायला सांगा. तारीख, बंद व्हायला लागलेले सेकंद, जोडलेली उपकरणे आणि त्या दिवशी अपडेट आले होते का, असे चार रकाने पुरेत. दोन महिन्यांनी त्याचा आलेख काढा. लॅपटॉप कधी बिघडलाच तर दुरुस्तीच्या दुकानात नेण्याआधी ती वही उघडा. कोणाच्या उत्तराची वाट पाहणे चालले आहे, याचा माग बहुधा तिच्यातच लागेल.